तळ्यावरचे पाहुणे

दिवाळी सरली की बालाघाटच्या पठारावरील वारा दिशा बदलतो. पावसाळाभर नैर्ऋत्येकडून येणारा वारा आता उत्तरेकडून वाहू लागतो आणि पहाटे अंगाला झोंबतो. धाराशिव जिल्ह्यात त्या वेळी सोयाबीनच्या राशी उरकलेल्या असतात, रब्बीची ज्वारी डोके वर काढू लागलेली असते आणि माणसे आपापल्या कामांत गर्क असतात. अशा एखाद्या सकाळी अंगणातल्या ओलसर जागेत एक करड्या-पांढऱ्या रंगाचे सडपातळ पाखरू तुरुतुरु धावताना दिसते. चार पावले धावावे, थबकावे आणि लांब शेपटी खालीवर आपटावी, असा त्याचा क्रम. परीट दगडावर कपडे आपटतो तशी ही शेपटीची आपट पाहून लोकांनी त्याचे नाव धोबी ठेवले. काल संध्याकाळी ते येथे नव्हते. हिमालयातून, कदाचित त्याच्याही पलीकडून, मजल दरमजल करीत ते येथे येऊन पोहोचलेले असते. आणि घरातले कोणी मान वर करून त्याच्याकडे पाहतही नाही.

पाहणारे थोडे असतात, पण असतात. एखाद्या शाळेचे गुरुजी, त्यांच्याबरोबर निघालेली पाच-सात मुले, बँकेतला एखादा कारकून, एखादा डॉक्टर, अशी ती मंडळी. पाखरे पाहायला जाणे हाही एक उद्योग असू शकतो, हे गावाला प्रथम पटत नाही. "पाखरं बघायला तळ्यावर कशाला जायचं? घरामागच्या लिंबावर काय कमी हायेत?" असे पारावरचे म्हातारे विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. लिंबावरच्या साळुंक्या बारमाही आहेत; तळ्यावरचे पाहुणे मात्र चारच महिन्यांचे. ते गेल्यावर भेटायचे म्हटले तर सैबेरियाच्या वाटेला लागावे लागेल.

ही भेट पहाटेच घ्यावी लागते. ऊन चढले की पाण्यावरून वाफा हलू लागतात आणि दूरचे काही नीट दिसत नाही. शिवाय पाखरेही पोट भरून सुस्तावतात. म्हणून अंधारातच निघायचे. अंगात मातकट रंगाचे कपडे, गळ्यात दुर्बीण, खिशात वही आणि पेन्सिल, पिशवीत भाकरी-चटणी, एवढी सामग्री पुरते. लालभडक स्वेटर घालून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी पाळूच्या मागे बसावे लागते. दुसऱ्या खेपेला तो न सांगता शहाणा होऊन येतो. तळे जवळ आले की बोलणे बंद होते. पाणी दिसण्याच्या आधी त्याचा आवाज कानी येतो: अंधारात शेकडो चोचींची चुळबुळ, पंखांची फडफड, मध्येच एखादी शीळ. मग पूर्वेकडे तांबडे फुटते आणि तोवर काळा डाग वाटणारा भाग हळूहळू सुटा होऊन त्यातले एक एक पाखरू वेगळे होते. पहाटेच्या साऱ्या कष्टांचे मोल या दहा मिनिटांत वसूल होते.

तेरजवळच्या तेरणा धरणाच्या पाण्यावर अशी एखादी सकाळ घालवावी. तेर हे फार जुने गाव. त्याचे प्राचीन नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद करून ठेवली आहे, आणि तेथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे तो सांगतो. आपल्या संतमंडळींतील गोरोबाकाका याच गावचे. थापटण्याने संतांची डोकी थोपटून त्यांनी कच्चे मडके ओळखले, ही कथा कोणाला ठाऊक नाही? आता गंमत अशी, की या गावच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या एका बदकाचे नावच थापट्या आहे. त्याची चोच पुढे रुंद आणि चपटी असते, अगदी थापटण्यासारखी. ही चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून तो पुढे पुढे पोहत जातो. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी बाहेर गळते आणि आतले किडेमकोडे, बिया तेवढ्या मागे राहतात. गृहिणी चाळणीने पीठ चाळते, तसे हे तळे चाळणे. कधी पाच-दहा थापटे एकमेकांच्या मागे लागून गोल गोल फिरतात आणि तळाची घाण ढवळून वर आणतात.

त्याच पाण्यावर वारकरीही असतात. काळाभोर देह, पांढरी चोच आणि कपाळावर त्याच चोचीला लागून पांढरा टिळा. एखाद-दुसरा नसतो, दिंडीच असते. दुसऱ्या एका बदकाची चोच टोकाला पिवळी आणि मुळाशी तांबड्या ठिपक्यांची. त्याला कोणी हळदी-कुंकू म्हटले. हे नाव ज्या कोणा बाईच्या वा बुवाच्या तोंडून प्रथम बाहेर पडले, त्याची नोंद कोठेही नाही, पण ते नाव पुस्तकात बसून ठेवलेले नाही एवढे निश्चित. ते तळ्याच्या काठी, पाखराकडे पाहता पाहताच सुचलेले आहे. शेजारच्या सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करताना अशी नावे कोळ्यांकडून, पारध्यांकडून, आदिवासींकडून आयुष्यभर गोळा केली आणि त्यांचा 'पक्षिकोश' सिद्ध केला. ते जून २०२५ मध्ये वारले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाहुण्यांच्या आगमनाशी तो बरोबर जुळतो.

पाण्यापेक्षाही पाण्याच्या काठाचा चिखल अधिक पाहण्याजोगा. धरणातले पाणी जसजसे ओसरते, तसतसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो. वरवर पाहता त्यात काही नाही. पण त्यात किडे, अळ्या, शंख-शिंपल्यांची पिल्ले यांचे एक भरलेले कोठारच असते आणि प्रत्येक पाखराने त्याचा आपला कप्पा ठरवून घेतलेला असतो. आखूड चोचीचा चिखलाच्या वरवरचे टिपतो. मध्यम चोचीचा तुतवार बोटभर खोल जातो. ज्याची चोच वीतभर, तो अगदी तळाशी दडलेल्या अळीपर्यंत पोहोचतो. शेकाट्या आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर उभा राहून जरा खोल पाण्यात शिरतो, जेथे इतरांचे पाय पुरत नाहीत. एकाच ताटात इतके जण जेवतात. भांडण क्वचित होते.

त्या काठावर एखाद्या दिवशी भगव्या रंगाच्या बदकांची जोडी उभी दिसते. हे चक्रवाक. जुन्या कवींनी यांना फार रडविले आहे: रात्र झाली की नर एका तीरावर, मादी दुसऱ्या तीरावर, आणि पहाटेपर्यंत दोघांचा आक्रोश. प्रत्यक्षात ती रात्री चरत चरत एकमेकांपासून दूर जातात आणि हाका मारून ठावठिकाणा कळवितात, इतकेच. त्यांचे घर लडाख-तिबेटात, कड्यांच्या बिळांत. पण सर्वांत थोर प्रवासी म्हणजे पट्टकदंब. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा हंस दोन-तीन किलो वजनाचा असतो. शेजारच्या उजनीच्या पाण्यावर त्याचे थवे उतरतात, आणि सीना नदीवरील कोळेगावसारख्या मोठ्या जलाशयांकडे पाहणाऱ्यांचे डोळे त्याच्यासाठी लागलेले असतात. तिबेट आणि मंगोलियातील सरोवरे गोठू लागली की हा निघतो आणि हिमालय ओलांडून येतो. त्याच्या अंगावर छोटी यंत्रे बांधून शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा तो सहा-सात हजार मीटर उंचीवरूनही गेलेला आढळला. तेथे हवेतला प्राणवायू जमिनीवरच्या निम्म्याहूनही कमी असतो. धडधाकट माणूस तेथे चार पावले चालून धापा टाकतो. पट्टकदंबाच्या रक्तात मात्र थोडा प्राणवायूही घट्ट धरून ठेवण्याची शक्ती आहे. शिवाय तो अक्कलही वापरतो: सरळ आकाशात चढून न जाता तो डोंगराच्या चढ-उतारांना धरून उडतो, आणि पुष्कळदा रात्री वा पहाटे, जेव्हा थंड हवा दाट असते आणि पंखांना आधार देते.

हे पाखरू तेथलेच कशावरून, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर एका शाळामास्तरानेच शोधले. डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेनसेन या शिक्षकाने १८९९ साली काही मैनांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी अडकविली. कड्यावर क्रमांक आणि गावाचे नाव कोरले आणि पाखरे सोडून दिली. ते पाखरू ज्याला सापडेल, त्याने कळवावे, एवढीच अपेक्षा. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. मंगोलियात पट्टकदंबांच्या गळ्यांत अक्षरे लिहिलेले पट्टे घालतात आणि भारतातल्या तळ्यांच्या काठी बसलेली माणसे दुर्बिणीतून ती अक्षरे वाचतात. निरोप घेऊन येणारा हंस नलाच्या कथेत असतो. हा पत्ता घेऊन येतो.

आता या पाहुण्यांच्या बैठकीविषयी. धाराशिव जिल्ह्यात नैसर्गिक सरोवर म्हणावे असे काही नाही. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा, नद्या हिवाळ्यातच बारीक होणाऱ्या. पाखरे ज्या पाण्यावर उतरतात, ते बहुतेक सारे माणसाने अडविलेले आहे. नळदुर्गाला बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात, १६१३ च्या सुमारास, किल्ल्यातच बंधारा बांधला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. तेथल्या कपारींत आज पाकोळ्यांचे राज्य आहे. पण तो राजाचा बांध. गावोगावच्या लहान पाझर तलावांचा इतिहास वेगळा आहे, आणि तो कोणत्याही शिलालेखावर कोरलेला नाही.

अशा तलावाच्या पाळूवर शेळ्या राखणारी एखादी म्हातारी भेटते. मुलांच्या हातातली दुर्बीण पाहून तिला हसू येते.

"काय दिसतंय रं त्यातून?" ती विचारते.

"आजी, बदकं दिसतात. फार लांबून आलीत."

"येऊ दे की. पाणी हाय तर येतील." ती पाळूवर काठी टेकते. "ह्या पाळूची माती आमी वाहिलीय, लेकरांनो. डोक्यावर पाटी, पोटात सुकडी. माझं थोरलं पोरगं तिथं बाभळीखाली झोळीत असायचं."

ती १९७२ च्या दुष्काळाविषयी बोलत असते. त्या साली, आणि त्याआधीही, पाऊस रुसला होता. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली, शेतात कामच उरले नाही. तेव्हा सरकारने दुष्काळी कामे काढली, वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर विस्तारली. लक्षावधी माणसांनी खडी फोडली, रस्ते केले, नाले अडविले आणि तलाव खोदले. खायला परदेशातून जहाजाने आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. पाझर तलावाला कालवा नसतो. अडलेले पाणी जमिनीत हळूहळू मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझरावे, एवढाच त्याचा हेतू. पाखरांचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तरी भुकेल्या माणसांनी पाटी-पाटीने रचलेल्या त्या पाळूच्या आत पाणी साठले, चिखल झाला, चिखलात अळ्या झाल्या, आणि एका हिवाळ्यात दूर उत्तरेतून येणाऱ्या एखाद्या थव्याला उंचावरून ते चकाकताना दिसले. योगायोग असा की वन्य प्राण्यांना आणि पाखरांना संरक्षण देणारा देशाचा कायदाही त्याच १९७२ साली झाला.

सगळ्याच पाहुण्यांशी गावाचे गोडीगुलाबीचे नाते नाही. भोरड्यांचेच पाहा. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्या-पंखांची ही मैना मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येते, आणि पाऊस संपायच्या आधीच येऊन ठेपते. ज्वारीच्या कणसांत दुधाळ दाणा भरू लागला की हजारांच्या झुंडी शेतावर उतरतात. अशा वेळी शेतकऱ्याचे सारे घर राखणीला उभे राहते. माळ्यावर चढून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, हाकारे घालायचे. राखणीपायी मुलांची शाळाही बुडते. पूर्वी शिवारभर ज्वारीच असे, तेव्हा भोरड्यांचा हिस्सा साऱ्यांत वाटला जाई. आता बरेच रान सोयाबीन आणि उसाखाली गेले आहे. ज्याने हौसेने दोन एकर शाळू पेरला, त्याच्यावर सारी धाड येते. "तुमी वहीत मांडा पाखरं, आमी पोत्यात मोजतो," असे एखादा शेतकरी पक्षिमित्रांना ऐकवितो, आणि त्यावर गप्प बसणेच शोभते.

तरी भोरडीची दुसरी बाजू आहे. टोळ आणि नाकतोडे हे तिचे आवडते खाद्य. टोळांच्या झुंडी जेथे माजतात, तेथे ती आपली वसाहत करते आणि पिलांना तेच भरविते. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलली की ती मध प्यायला जाते आणि कपाळाला पराग माखून एका फुलाचे दुसऱ्या फुलाकडे नेते. म्हणून तिला पळसमैना असेही नाव आहे. संध्याकाळी बाभळीच्या बनात रात्रीच्या मुक्कामाला येण्यापूर्वी हजारो भोरड्या आकाशात एकदम वळतात, फाकतात, पुन्हा गोळा होतात. जणू कोणी काळ्या धुराची चादर झटकीत आहे. दिवसभर तिच्यावर गोफण फिरविलेला माणूसही त्या वेळी बांधावर उभा राहून वर पाहतो.

तळ्यांनंतर माळ. परंडा, भूम, तुळजापूर या भागांत मुरमाड माळरानांचे मोठमोठे तुकडे आहेत. सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणण्याची रीत आहे. हा शब्द पाखरांनी ऐकला तर ती चकित होतील. भोवत्या नावाचा सडपातळ शिकारी मध्य आशियाच्या गवताळ पठारांवरून येतो, तो या माळाच्याच ओढीने. कमरेएवढ्या उंचीवरून, पंख किंचित वर धरून, तो गवतावरून तरंगत जातो आणि अचानक खाली झेप घेऊन नाकतोडा उचलतो. रात्री तो झाडावर बसत नाही. गवतातच, जमिनीवर, इतरांच्या सोबतीने झोपतो. माळ नांगरला गेला की त्याचे अंथरूणच गेले. पखुर्डी ही मात्र येथलीच. रंगाने मातीसारखी, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. सकाळी ठरल्या वेळी पखुर्ड्यांच्या जोड्या पाण्यावर येतात. पिले लहान असली की नर पोटाची पिसे पाण्यात भिजवितो आणि कोसच्या कोस उडत जाऊन ते ओले पोट पिलांपुढे धरतो. पिले पिसे चोखून तहान भागवितात. दुष्काळी मुलखातल्या बापाचे याहून नेमके चित्र कोणी काढले नसेल.

याच माळाचा राजा माळढोक. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. मीटरभर उंचीचा, देशातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पाखरांपैकी एक, आणि मादी बहुधा एकच अंडे घालणारी, तेही उघड्या जमिनीवर. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपासच उरले असावेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. पाहणाऱ्यांच्या वह्यांत त्याच्या नावापुढची जागा वर्षानुवर्षे कोरी राहते. तरी नाव खोडायला हात धजत नाही.

येडशीचा घाट थोडा निराळा. रामलिंगाच्या देवळाभोवतालचे सुमारे बावीस चौरस किलोमीटर रान १९९७ पासून अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाने झडू लागतात, उजेड खालपर्यंत येतो, आणि खडकावर थिरथिरा शेपटी थरथरवीत बसलेला दिसतो. वटवट्या तर दिसण्याआधी ऐकूच येतात. सीतेला पळविणाऱ्या रावणाशी जटायू येथेच झुंजला, अशी भोवतालच्या लोकांची श्रद्धा आहे. त्या जटायूचे कुळ मात्र देशातून झपाट्याने नाहीसे झाले. जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. कारण कळल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. घाटात उभे राहून मुले आकाश न्याहाळतात; वर घारी घिरट्या घालीत असतात.

जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजदाद होते. १९८७ पासून आशियातल्या अनेक देशांत ती एकाच सुमारास केली जाते, आणि त्यात शाळकरी मुलांच्या वहीलाही स्थान आहे. मोजण्याची युक्ती सोपी आहे: थव्यातली दहा पाखरे मोजायची, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचे आणि तेवढे तुकडे सगळ्या थव्यावर मांडीत जायचे. पहिल्यांदा कोणाचे तीनशे होतात, कोणाचे आठशे. मग वाद होतो, पुन्हा मोजले जाते. छायाचित्र काढण्याच्या हव्यासाने कोणी पुढे घुसला आणि थवा उडाला, तर मोजणी तर बुडतेच, पण लांबच्या वाटेसाठी पाखरांनी साठविलेली चरबीही फुकट जळते. अशा माणसाला गुरुजी नम्रपणे, पण पुढच्या खेपेला न येण्याविषयी सांगतात.

वहीत पाण्याची पातळीही लिहितात. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी तीच नोंद आधी वाचली जाते. २०१२ नंतरच्या कोरड्या वर्षांत जलाशय तळाला गेले, काठाला गाळपेर करणारा शेतकरी पाण्याच्या मागे मागे सरकत मध्यापर्यंत पोहोचला, आणि लोकांनी तळातला गाळ उपसून शेतांत नेला. शेताला तो खतासारखा मानवला. पाण्यावरचे थवे मात्र आकाशातून एक फेरी घालीत आणि न उतरता पुढे निघून जात. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले होते. तेथे बदकांचे गाऱ्हाणे कोण कोणापुढे मांडणार?

बरे वर्ष असले की फेब्रुवारी सरता सरता पाहुण्यांत चुळबुळ सुरू होते. ती अधिक खातात, फुगीर दिसू लागतात, संध्याकाळी उगाच उडून पुन्हा उतरतात. मग एका सकाळी मुले येतात तो थापटे नाहीत. आठवड्याने चक्रवाक नाहीत. होळीच्या सुमारास काठावर पावलांच्या ठशांनी भरलेला चिखल तेवढा वाळत असतो आणि त्यावर शेळ्यांची पावले उमटू लागतात. म्हातारी पाळूवर बसलेली असते. पाण्याच्या उरलेल्या डबक्यात लव्हाळ्याच्या आडोशाला हळदी-कुंकवाची एक जोडी फिरत असते. ती कोठेही जाणार नसते.